मार्जाराचे मूत्रविकार : एक उपेक्षित इतिहास

रोगांचा इतिहास हा पुष्कळ अंशी मनुष्याच्या अवधानाचा इतिहास असतो. व्याधी देहात केव्हापासून वसत होती, ह्याहून तिच्याकडे प्रथम कोणाचे व का लक्ष गेले, हा प्रश्न कित्येकदा अधिक उद्बोधक ठरतो. घोड्याचा खूर सुजला की राजाची स्वारी अडते. बैल लंगडला की कुणब्याचा हंगाम बुडतो. गाय आटली की घरातील पोर दुधावाचून राहते. म्हणून ह्या प्राण्यांच्या रोगांची चिकित्सा प्राचीन आहे. मांजर आजारी पडले तर मात्र कोणाचे काही अडत नाही. कोठीतले उंदीर चार दिवस अधिक निर्धास्तपणे हिंडतात, एवढेच. ह्या उदासीनतेमुळे मार्जारजातीस अत्यंत पीडा देणारे दोन विकार, एक मूत्रमार्ग तुंबणे व दुसरा मूत्रपिंडांचा हळूहळू होणारा ऱ्हास, हे शतकानुशतके घराच्या कोपऱ्यातच राहिले. त्यांच्या इतिहासाचे काही दुवे आपल्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड हे नाव मिळाले त्या जिल्ह्याच्या, किनाऱ्याशी निगडित आहेत.

आरंभ मांजराच्या मूळ स्थानापासून केला पाहिजे. १९८० पूर्वीच्या पुष्कळ पुस्तकांत मांजर प्रथम ईजिप्तमध्ये माणसाळले असे सांगितलेले असे. २००४ साली सायप्रस बेटावरील उत्खननात मनुष्यासोबत पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा प्रसिद्धीस आला, आणि २००७ साली आनुवंशिक परीक्षणावरून असे ठरले की, जगातील यच्चयावत पाळीव मांजरे पश्चिम आशियातील एका रानमांजराची संतती होत. हे रानमांजर रुक्ष, वाळवंटी प्रदेशात राहणारे. तेथे पाणवठा दूर. म्हणून त्याच्या मूत्रपिंडांस पाण्याचा थेंबन् थेंब राखून अत्यंत दाट मूत्र उत्सर्जित करण्याची सवय जडली. त्यास लागणारे पाणी बहुतेक भक्ष्याच्या मांसातूनच मिळे. उंदराच्या देहात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. १९५९ साली अमेरिकेतील वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगान्ती दाखविले की, मांजर समुद्राच्या पाण्यावरही तग धरू शकते. मनुष्यास हे साधत नाही. ह्या असामान्य सामर्थ्याची दुसरी बाजू अशी की, मांजरास तहान मंद लागते. अन्न कोरडे झाले म्हणून ते त्या प्रमाणात अधिक पाणी पितेच असे नाही.

आता हे वाळवंटातले जनावर मांडव्यापासून बाणकोटच्या खाडीपर्यंतच्या किनाऱ्यावर कसे नांदले, ते पाहावे. थळ, वरसोली, अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, श्रीवर्धन ह्या गावांच्या कोळीवाड्यांत मांजर हे होडीइतकेच नित्याचे. होड्या किनाऱ्यास लागल्या व मासळीची निवडानिवड सुरू झाली की, ते हजर व्हावयाचेच. ताज्या मासळीत सामान्यतः सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. ओल्या बोंबिलात तर त्याचे प्रमाण नव्वदाच्या जवळपास पोहोचते. साधारण चार किलो वजनाच्या मांजरास दिवसाकाठी सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी पुरते. पाव किलोहून कमी ताजी मासळी पोटात गेली तरी त्यापैकी दीडशे मिलिलिटर आपोआप भागते. उरलेले ते कोठेही, पन्हळीखाली अथवा विहिरीच्या काठच्या डबक्यात, चाटून घेते. अर्थात मच्छीवर वाढलेले मांजर रोगमुक्त असते, असा ह्याचा अर्थ नव्हे. केवळ कच्च्या मासळीवर ठेवल्यास त्यास ‘ब’ जीवनसत्त्वाची उणीव भासते, आणि खारवलेली सुकी मासळी तर ओल्या मासळीच्या अगदी उलट. परंतु निसर्गाने त्याच्या मूत्रपिंडांशी केलेला जुना करार कोळीवाड्यात बव्हंशी पाळला जात होता, एवढे निश्चित म्हणता येते.

भारतीय वैद्यकास मूत्रविकारांचे ज्ञान नव्हते, असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार सांगितले आहेत. चिकित्सास्थानात खडा शस्त्राने काढण्याचा विधी वर्णिलेला आहे. आणि उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा भेद दिलेले आहेत. मूत्र अडून बस्ती फुगणे, नाभीखाली वेदना होणे, थेंब थेंब कष्टाने पडणे, ही लक्षणे त्या ग्रंथकारांनी बारकाईने टिपलेली आहेत. पशूंच्या चिकित्सेचेही आपणांकडे स्वतंत्र शास्त्र होते. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांबरोबर पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्य. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला.

ह्या ग्रंथसंभारात मांजर येते ते कसे, हे पाहणे मोठे कौतुकाचे आहे. आयुर्वेदाच्या मानपरिभाषेत ‘कर्ष’ ह्या वजनास ‘बिडालपदक’ असा एक पर्याय आहे. त्याचा शब्दार्थ मांजराचे पाऊल. वजन साधारण एक तोळा. डोळ्याच्या पापण्यांवर द्यावयाच्या लेपास ‘बिडालक’ म्हणतात. म्हणजे वैद्याच्या हाताखाली मांजराच्या पावलाने औषध तोलले जाई, त्याच्या नावाचा लेप मनुष्याच्या डोळ्यांवर चढे. आणि त्या मांजराची स्वतःची व्याधी मात्र हत्ती व घोडे ह्यांच्या मोठमोठ्या ग्रंथांच्या सावलीत झाकून राही. हत्ती व घोडा ही सेनेची अंगे होती. मांजर कोणत्याच सेनेचे अंग नव्हते.

ह्यानंतरचा दुवा चौलचा. रेवदंड्यालगतचे हे प्राचीन बंदर सोळाव्या शतकात पोर्तुगीज व निजामशाही अशा दोन वस्त्यांत विभागलेले होते. १५८३ साली राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी व त्याचे सोबती ह्यांस पोर्तुगीजांनी होर्मुझ येथे कैद करून गोव्यास नेले, तेव्हा वाटेत त्यांचे जहाज चौल येथे लागले होते. फिचच्या प्रवासवृत्तांतात खंबायतेचे वर्णन करताना, तेथे पंगू कुत्री व मांजरे ह्यांच्यासाठी आणि पक्ष्यांसाठी धर्मार्थ रुग्णालये असल्याचे सांगितलेले आहे. पश्चिम किनाऱ्यावरील आजारी मांजराच्या शुश्रूषेचा परकीयाने केलेला हा जुना उल्लेख ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ही शुश्रूषा अहिंसाधर्मातून उपजलेली होती. तीत अन्न होते, निवारा होता, शांतपणे मरू देण्याची सोय होती. रोगाचे निदान तिचा हेतू नव्हता.

चाळीस वर्षांनी, १६२३ साली, पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन सरदार खंबायतेची पशुपक्ष्यांची रुग्णालये पाहून, सुरतेहून समुद्रमार्गे चौलवरून गोव्यास गेला. तत्पूर्वी इराणात असताना त्याने खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या करड्या मांजरांचे मोठ्या आवडीने वर्णन केले होते व ती इटलीस न्यावयाचा मनोदयही व्यक्त केला होता. युरोपात पुढे ‘पर्शियन’ म्हणून जी मांजरे प्रतिष्ठा पावली, त्यांच्या कीर्तीचा आरंभ बहुधा ह्या पत्राकडे नेला जातो. २००८ सालच्या आनुवंशिक संशोधनात मात्र आजची पर्शियन मांजरे पश्चिम युरोपच्या मांजरांच्या अधिक जवळची आढळली. नाव इराणचे, रक्त बव्हंशी युरोपचे! ह्याच जातीत मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होऊन ते हळूहळू निकामी होण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. १९९० नंतरच्या पाहण्यांत पर्शियन मांजरांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांत तो दिसून आला, आणि त्यास कारणीभूत असलेला जनुकातील दोष कॅलिफोर्नियातील लेस्ली लायन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली शोधून काढला. आईबापांपैकी एकाकडूनही हा दोष पिल्लात उतरतो. सौंदर्यासाठी निवडलेल्या वंशाबरोबर मनुष्याने व्याधीही नकळत निवडली.

चौलचे वैभव मावळले व किनाऱ्याचे व्यवहार मुंबईकडे वळले. पशुवैद्यकाचाही इतिहास तिकडेच वळतो. १८३२ साली मुंबई सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाजाने उठाव केला. त्या क्षोभातून १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा ह्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ निघाली. ही जुन्या खंबायतेच्याच परंपरेची शाखा म्हणावयास हरकत नाही. नव्या विद्येचा मार्ग निराळा होता. १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, ती अर्थातच घोड्यांसाठी. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य थांबविणारी मंडळी स्थापन झाली; सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नी बाई साकरबाई ह्यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले; आणि १८८६ साली त्याच्या सान्निध्यात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे घोडे व उंट ह्यांच्या ‘सर्रा’ रोगाचे नामांकित अभ्यासक होते. विद्यालयाची मुख्य चिंता बुळकांडी, फऱ्या, सर्रा अशा गुरांना व घोड्यांना संहारणाऱ्या साथींची होती, व ती योग्यच होती. त्या काळी एका साथीत गावेच्या गावे बैलांवाचून पडत. मांजराचा क्रम शेवटचा लागे. युरोप-अमेरिकेतही ह्याहून फारसे निराळे नव्हते. 

मग मांजराच्या मूत्रविकारांकडे शास्त्राचे लक्ष गेले केव्हा? जेव्हा मांजर अंगणातून दिवाणखान्यात आले तेव्हा. ह्या स्थित्यंतरास दोन सामान्य वस्तू कारण झाल्या. १९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन प्रांतात एडवर्ड लो नामक गृहस्थाने आपल्या मुलतानी मातीच्या जातीची दाणेदार माती मांजराच्या विधीसाठी विकावयास आरंभ केला. दुसरी वस्तू कोरडे खाद्य. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याचा तुटवडा पडल्याने डबाबंद मांसखाद्य मागे पडले व पुढील दशकांत यंत्रातून काढलेले कोरडे दाणे सर्वत्र झाले. पहिल्या वस्तूमुळे मांजरास घराबाहेर जाण्याची गरज उरली नाही. दुसरीमुळे त्याच्या अन्नातील पाणी नाहीसे झाले. कोरड्या दाण्यांत पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास असतो. साठ ग्रॅम दाण्यांतून सहा मिलिलिटर पाणी मिळते. बाकी सर्व त्या मंद तहानेवर अवलंबून. वाळवंटाचा करार येथे मोडला. मूत्र अधिकच दाट होऊ लागले, बसून राहणारे मांजर स्थूल झाले, आणि दवाखान्यांत तुंबलेल्या बोक्यांची संख्या डोळ्यांत भरू लागली. एक गोष्ट येथे विसरू नये : मूत्ररोध पूर्वीही होत असला पाहिजे. पण वळचणीखाली मेलेल्या बोक्याची नोंद कोण ठेवणार? मातीच्या पेटीत तळमळणाऱ्या बोक्याची नोंद मात्र घरच्या बाईस घ्यावीच लागली.

ह्या रोगास १९७० च्या सुमारास इंग्रजी पशुवैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले. मूत्रमार्गात अडकणाऱ्या गाळात बहुधा मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट ह्यांचे स्फटिक सापडत. त्यांस ‘स्ट्रुव्हाइट’ म्हणतात. हे नाव १८४५ साली हॅम्बुर्गच्या उलेक्स ह्या रसायनज्ञाने, एका चर्चच्या पायाच्या जमिनीत सापडलेल्या खनिजास, फोन स्ट्रूव्ह ह्या रशियन मुत्सद्द्याच्या सन्मानार्थ दिले होते. १९८० नंतर खाद्याचे कारखानदार मॅग्नेशियम कमी करून मूत्र अधिक आम्ल होईल अशी योजना करू लागले. स्ट्रुव्हाइटचे खडे घटले खरे, पण कॅल्शियम ऑक्झॅलेटचे वाढले. मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून कार्ल ऑस्बर्न ह्यांच्या संस्थेत जमणाऱ्या खड्यांच्या परीक्षणावरून हा पालट स्पष्ट झाला. स्ट्रुव्हाइटचा खडा औषधी आहाराने विरघळतो. ऑक्झॅलेटचा विरघळत नाही, त्यास शस्त्रच लागते. निसर्गाच्या हिशेबात एक रक्कम खोडली की दुसरीकडे ती वाढते, हे शाळेतल्या पोरासही समजावे असे उदाहरण आहे.

पुढे १९९० नंतर ओहायो विद्यापीठातील टोनी बफिंग्टन ह्यांच्या संशोधनाने प्रश्नास आणखी एक वळण दिले. मूत्राचा त्रास होणाऱ्या अर्ध्याहून अधिक मांजरांत खडा नव्हता, जंतूही नव्हते. मूत्राशयाची आतील त्वचा मात्र दाहलेली होती. घरात नवे मांजर येणे, बिऱ्हाड बदलणे, लपावयास जागा नसणे, अशा भीती व तणावाच्या प्रसंगी हा दाह उसळतो असे दिसून आले. पाणी आणि मन, ही दोन्ही कारणे मिळून आजचे निदान बनते.

आता ज्या अवस्थेत घटकांचा हिशेब असतो, तिचे वर्णन करणे अवश्य आहे. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी एक मिलिमीटरच्या आसपास अरुंद असतो. भाटीचा त्या मानाने रुंद. म्हणून तुंबण्याचा घात प्रायः बोक्यावर होतो. तो वारंवार मातीच्या पेटीत अथवा मोरीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, अंग चाटतो. मूत्र पडत नाही किंवा थेंबच पडतो. घरच्या माणसांस हे बद्धकोष्ठ वाटते व ती एरंडेल देतात. येथेच अमूल्य वेळ जातो. मूत्राशय दगडासारखा कठीण होतो, मूत्रपिंडांवर उलटा दाब बसतो, रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची गती मंदावते. वांत्या होतात, अंग गार पडते, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू येतो. उपाय साधा पण तातडीचा : गुंगी देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा करणे, शिरेतून द्रव देणे, हृदयास सावरणारे औषध देणे. जो बोका वारंवार तुंबतो त्याच्यासाठी मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया १९७१ पासून रूढ झाली आहे. वेळेवर आणलेले पुष्कळ बोके वाचतात. उशीर हाच ह्या रोगाचा खरा मारेकरी होय.

मूत्रपिंडांचा ऱ्हास ह्याच्या उलट, चोरपावलांनी येतो. वृद्ध मांजरांत तो फारच सामान्य आहे. दोन तृतीयांश कार्यशक्ती नष्ट होईपर्यंत मूत्र दाट करण्याचे काम चालूच राहते. रक्तातील क्रिएटिनीन वाढलेले दिसते तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश शक्ती गेलेली असते. मंद तहानेचे मांजर एकाएकी पुष्कळ पाणी पिऊ लागले, तर घरचे लोक समाधान मानतात. वस्तुतः ती मूत्रपिंडांनी दिलेली हाक असते. १९९८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने ह्या रोगाच्या चार पायऱ्या ठरविल्या, आणि २०१५ पासून ऱ्हास अधिक लवकर ओळखणारी रक्तपरीक्षा उपलब्ध झाली. रोग बरा होत नाही. पण आहारातील फॉस्फरस कमी करून, पाणी वाढवून, त्याची चाल कित्येक वर्षे मंद करता येते. घरात फुलदाणीत ठेवलेले लिलीचे फूल मात्र निरोगी मांजराचीही मूत्रपिंडे तीन-चार दिवसांत नष्ट करू शकते, ही गोष्ट सुशिक्षित घरांनीही लक्षात ठेवावी.

रायगडच्या किनाऱ्यावर आज ह्या इतिहासाची सर्व पाने एकाच वेळी उघडी दिसतात. कोळीवाड्यात बोका ताज्या मांदेलीवर जगतो. पलीकडच्या नव्या इमारतीत मुंबईहून आणलेले लांब केसांचे मांजर खिडकीत बसून कोरडे दाणे खाते. तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने मूलतः गाई-म्हशींसाठी उभारलेले आहेत. गुंतागुंतीच्या उपचारास पुष्कळांना मुंबई गाठावी लागते. पावसाळ्यात मांडवा व गेटवे ह्यांमधील लाँचा बंद असतात. २०२० साली भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारी नेणारी बोट सुरू झाली. २०२४ च्या जानेवारीत शिवडी ते न्हावा शेवा हा सागरी सेतू खुला झाला. त्याच वर्षी महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठी रुग्णालय उघडले. अंतर कमी झाले खरे, परंतु घरातील माणसाने रोग ओळखल्यावाचून कोणताही सेतू उपयोगी पडत नाही.

म्हणून ह्या दीर्घ इतिहासातून गृहस्थाने घ्यावयाचा बोध थोडक्यात सांगता येतो. मांजराच्या अन्नात पाणी असावे. दाणे देणे झाल्यास ओल्या अन्नाची जोड द्यावी. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, रुंद व स्वच्छ ठेवावीत. त्यास लपावयास जागा व चढावयास उंची द्यावी. मातीच्या पेटीत रोज किती गोळे दिसतात, ह्यावर नजर ठेवावी. आणि बोका दोन-तीन वेळा जाऊन कोरडाच परतला, तर सकाळची वाट न पाहता वैद्याकडे न्यावे. मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण म्हणतो. त्याच्या व्याधीपुढे डोळे मिटून बसण्याचे काम मात्र हजारो वर्षे मनुष्याने केले.